चादरीत गुंडाळलेला बर्फ

गेली पंचवीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच जाते, हे किती पोरांच्या डोक्यात कोंबलं असेल! घरातल्या एका माणसाच्या डोक्यात मात्र ते शिरलं नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील, अप्पा.

मे महिन्यात आमच्या जुळे सोलापुरातला ट्रान्सफॉर्मर जळाला. फ्रिज बंद. आत अप्पांचं इन्सुलिन, आणि औषधवाला म्हणाला, नवं परवाच येईल. आहे ते टिकवणं भागच होतं. मी बर्फ आणून स्टीलच्या डब्यात भरला, वर छोट्या डबीत इन्सुलिन ठेवलं आणि अप्पांनीच मागावर विणलेल्या जाड चादरीत सगळं गुंडाळलं. "हात लावू नका," असं तीनदा बजावून क्लास घ्यायला गेले.

दुपारी येऊन बघते तर काय, चादर घडी घालून खुर्चीवर! डबा खिडकीत, झाकण उघडं. का, तर वारा लागावा म्हणून. बाहेर वारा कसला, भट्टी नुसती! बर्फाचं कोमट पाणी झालेलं आणि इन्सुलिन हाताला गरम लागत होतं.

"अप्पा, काय केलंत हे!"

"चादरीत बर्फ टिकंल व्हय? चादर गरम असती की. चाळीस वरसं विणल्यात मी."

मी थर्मामीटर आणून घडीत खुपसला. खोलीचं तापमान तेच चादरीचं. "बिघडलाय तो," म्हणाले. कपाळ माझं!

"चादर ऊब देत नाही हो!" मी ओरडलेच. "बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, आतली बाहेर जाऊ देत नाही, बस्स. अंगातच ऊब नसेल तर दहा चादरी घाला, काही उपयोग नाही!"

अप्पांनी खुर्चीवरची चादर उचलून जवळ घेतली. मी तणतणतच बाहेर पडले. एका मैत्रिणीच्या सासूबाईंना तेच इन्सुलिन चालायचं, तिच्याकडून इंजेक्शनचं एक पेन उसनं आणलं, येताना पुन्हा बर्फ घेतला.

आले तर अप्पा ती चादर मांडीवर घेऊन बसलेले. मी हात पुढे केला, पण त्यांनी ती सोडली नाही.

"तुझी आई जाताना लई गारठली हुती," ते म्हणाले. "तीन चादरी घातल्या. तरी पाय गारच. मला आजवर वाटतंय, आपलंच विणकाम कमी पडलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"नाही हो अप्पा," मी म्हणाले, "चादरी चांगल्याच होत्या."