कचरूचे पाच तास

कचरू साळवे नेवासा तालुक्यात आमच्या कालव्याच्या चारीवर पाटकरी होता. पाणी सुटलं की कोणाच्या वावरात किती तास जाऊ द्यायचं, हे पाहण्याचं त्याचं काम. चारीवर असे चार पाटकरी. सगळी चारी एकालाही ठाऊक नव्हती. दूधवाल्याच्या हाती चिठ्ठ्या धाडून ते आपापले तास मागत, सोडत, आणि पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचे. सहादेवनं दहा लिहिले की सहा समजायचे, हे कचरूला पाठ होतं. बाकीचे दोघंही असेच फुगवून लिहीत; तो स्वतः मात्र लागतील तेवढेच लिही.

१९९७ साली पुण्याहून भारती मॅडम चार संगणक घेऊन आल्या. एक मोठा मेंदू बसवण्यापेक्षा चार लहान बरे, ते आपसात घासाघीस करून वाटणी ठरवतील, असं त्यांचं संशोधन. प्रत्येक पाटकऱ्याच्या जागी एक संगणक.

"कचरूदादा, तुम्हाला किती तास लागतात?"

"पाच."

"सहादेवभाऊ?"

"धा."

कचरूनं मान खाली घातली. जोडीदाराची चहाडी त्याच्यानं होईना.

संगणकांनी दहा म्हणजे दहाच धरले. पाणी कमी होतं, म्हणून चारही यंत्रांनी सारख्या प्रमाणात तास कमी केले. सहादेवला सहा मिळाले, कचरूला तीन. बाकीच्यांची सूज उतरली, कचरूचं मांस गेलं. त्याच्या भागात, चारीच्या शेपटाला, लंकाबाईचा गहू ओंबीतच वाळला.

"कचऱ्या, माझं पानी कुनाला इकलं रं?" तिनं पाटबंधारे कचेरीच्या दारात सगळ्यांदेखत विचारलं.

"मावशी, वाटप आता यंत्र करतंय."

"यंत्राला तूच सांगितलं न्हवं?"

मॅडम गोंधळल्या. "तिघांचं बरोबर जुळलं. मग आकडा चुकला कुणाचा?"

सहादेव आभाळाकडे पाहत उभा राहिला.

"माजाच असंल," कचरू म्हणाला.

तसंच अहवालात लिहिलं गेलं. संगणक पुण्याला परत गेले, चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. कचरूनं पाच लिहिले. वरच्या अंगाच्या सहादेवनं त्याला तीनच तास पाणी सोडलं. "म्याडमच्या कागदावर हाय, कचरूचा आकडा खोटा असतो."

पाण्याच्या दोन पाळ्या अशाच गेल्या. तिसऱ्या पाळीला कचरूनं आठ लिहिले. बरोबर पाच तास पाणी आलं.

"आता कसा मानसात आलास!" सहादेवनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर कचरूनं चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं कधी आकडा घातला नाही. मजकूर तो लिही; आकड्याची जागा कोरी सोडून कागद लेकीपुढे सरकवी.

"जयमाला, आठ लिही."