पाठीवरची अक्षरं

आरमोरीच्या दुकानात मी राइसमिलच्या कामगारांचे शर्ट ठरवायला गेलो होतो. तिथं एक बाई आपल्या गँगमधल्या लाइनमन बायकांचे शर्ट निवडत होती. दुकानदार तिच्यापुढं खिशावरच्या बारीक भरतकामाचं कौतुक करत होता.

"भाऊ, मी खांबावर चढली का खिशावरचं खांबालेच दिसन," ती म्हणाली. "खालच्या लोकायले माही पाठ दिसते. पाठीवर मोठं छापा."

मग तिनं नमुन्याचा शर्ट दारावर उंच टांगला, रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि हनुवटी वर करून वाचू लागली.

"अजून मोठं!" तिथूनच ओरडली.

पुढं ऐन धानाच्या रोवणीत आमच्या सावली गावाची लाइन गेली. तीच बाई खांबावर चढली आणि खाली गर्दी जमली.

"बाईले काऊन चढवलं? लाइनमन कुठी हाय?" एक म्हातारा करवादला.

मी वर बोट दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले आणि पाठीवरची अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली, "लाइनमन."

काम संपवून ती उतरली, स्विच ओढला, आणि मोटारींचं पाणी शेतातल्या बांध्यांत उसळलं. सगळीकडं एकच कल्ला झाला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळायला लागू नये म्हणूनच तर तो शर्ट होता!