निर्मलाच्या डब्यातल्या पाच भाकऱ्या

निर्मला जाधव वजनकाट्यावर चपलांसकट चढली होती. भिवंडीजवळच्या राहनाळच्या आमच्या गोदामात साहेबांनी आरोग्य सप्ताह काढला होता. बाकीच्या बायका काट्यावर चढण्याआधी चपला, पर्स, अगदी बांगड्यासुद्धा काढून ठेवत होत्या. निर्मला तशीच चढली आणि आकडा तिने स्वतःच मोठ्याने वाचला, "एक्क्याण्णव! लिहा सायेब, चपलांचं काय कमी करू नका." सगळं गोदाम हसलं, तीही हसली. तिच्यामागे मी उभी होते. वर्षभर तोंड बांधून मी अठरा किलो उतरवले होते. माझा आकडा कुणी ऐकलासुद्धा नाही.

ती शेलार गावची. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कपडे तपासायच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसायचो. कुर्त्याला नुसता हात लागला की ती म्हणायची, "ह्यो लग्नात मिरवून परत दिलाय." उलगडून बघावं तर काखेत पावडरचा डाग हमखास. सुपरवायझर मी होते, पण नव्या मुलींचं काही चुकलं की त्या तिच्याकडे जायच्या.

जेवणाच्या सुट्टीत ती डब्याचं झाकण काढून आधी डोळे मिटून वास घ्यायची. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, बुधवारी मटण. "मी भुकेली आसले तर माझ्याशी बोलू नका," ती बजावायची, "पोट भरलं की मी लय गुणी बाई." मी काकडी आणि मोडाचे मूग चावत तिच्याकडे बघत राहायची. ती भाकरी पुढे करायची, मी मान हलवायची. मला तिच्या भाकरीचा राग नव्हता. इतकं खाऊनही तिला स्वतःची लाज वाटत नाही, याचा होता. तिचा नवरा कापडाच्या लूमवरची ड्युटी संपली की तिला न्यायला यायचा. ती मागे बसली की मोटारसायकल चांगलीच दबायची, तरी तो मान वळवून तिच्याशी गप्पा मारतच निघायचा. माझा नवरा एवढंच म्हणाला होता, "बारीक झालीस, पण चेहरा उतरला तुझा."

मग भिवंडीकरांच्या एका फेसबुक ग्रुपवर वाद पेटला. लठ्ठपणा हा आजार की ज्याची त्याची चूक, असा कुणीतरी प्रश्न टाकला होता. दोन्ही बाजूंनी लोक एकमेकांवर तुटून पडले होते. त्यात निर्मलाने स्वतःच्या नावानिशी लिहिलं, "मी जाडी आहे. मला खायला आवडतं. शुगर पण आहे, डॉक्टरांची गोळी घेते, भात कमी केलाय. माझी जबाबदारी मी घेते. पण तुमच्या शिव्यांनी माझी शुगर उतरत नाही." त्याखाली बदामांचा नुसता पाऊस. अनोळखी माणसं तिला ताई म्हणत होती. इथेही तीच!

मी खोट्या नावाचं खातं उघडलं आणि लिहिलं, "बुधवारच्या डब्यात मटण आणि पाच भाकऱ्या असतात, ते पण सांगा ना ताई. म्हणे जबाबदारी!" तासाभरात तिला ताई म्हणणारेच तिची टर उडवायला लागले. कुणी म्हशीचं चित्र टाकलं. मला त्या संध्याकाळी, खरं सांगते, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली, पण कपड्यांना हात लावला नाही. "माधवी," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या भाकऱ्या मोजायला या टेबलावर तुझ्याशिवाय कोण बसतंय?"

मी समोरचा कुर्ता उगाच उलगडायला लागले.

"पाचातल्या दोन तुझ्या आसतात. रोज वाटतं, आज तरी घेशील. तू घेत न्हाईस, मग घरी जाऊन मी शिळ्या खाते."

मी माफी मागायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. "माझं सोड. माझी सायली माझ्यासारखीच अंगाने भरलेली हाय. ते सगळं वाचून पोरीने कालपासून घास घेतला न्हाय. तू घरी ये आन् तिला सांग, कुणी लिहिलं ते."

संध्याकाळी मी शेलारला गेले. सायली कॉलेजात शिकणारी, आईचाच चेहरा. भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "ते मी लिहिलं. तुझ्या आईवर सगळे जीव टाकतात, ते मला बघवत नाही."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "काकी, बारीक झाल्यावर बरं वाटतं का?"

हो म्हणायला तोंड उघडलं, पण समोर ती उपाशी बसलेली. म्हटलं, "गुडघे दुखायचे थांबले, ते बरं वाटतं. बाकी मी होते तशीच आहे."

निर्मलाने तिच्यापुढे ताट ठेवलं. मुलीने पहिला घास घेतला तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता जा तू."

माझी टिप्पणी मी काढून टाकली, त्याच ग्रुपवर माझ्या खऱ्या नावाने कबुलीही दिली. निर्मलाने कामात कधी अडवलं नाही, अबोला धरला नाही. फक्त जेवायला ती दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. पावसाळ्यानंतर तिने काम सोडलं आणि अंबाडीला भावाच्या कपड्यांच्या दुकानात जाऊ लागली.

परवा वाडा गावाहून येताना मी अंबाडी नाक्यावर उतरले. दुकानाच्या मागच्या बाजूला ती जेवत होती. वजनाने थोडी उतरलेली वाटली. शेजारच्या बाईच्या पाठीवर थाप मारून ती काहीतरी सांगत होती आणि ती बाई तोंडात घास असताना हसत होती. निर्मलाने मला पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि पुन्हा तिच्याकडे वळली. त्या बाईचं मी नावही ऐकलेलं नाही. पण तिचा मला इतका हेवा वाटला, की परत निघताना रिक्षावाल्याला "कुठे जायचंय?" हे दोनदा विचारावं लागलं.