तिसऱ्या कॅमवरचं नख

“अरे, तो वरचा मिक्सर बंद करा! चटणी कुठे पळून जात नाहीये! इथे एका म्हातारीला दम लागलाय, तिची छाती तपासू द्या मला!”

म्हातारी म्हणजे माझी गाडी. आणि ओरडत होते ते यशवंत मेस्त्री. ठाकुर्लीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं गॅरेज. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. त्या आरोळीने वरचा मिक्सरच काय, कल्याणच्या पत्री पुलावरचा ट्रॅफिकही दोन मिनिटं थांबला, असं मी लोकांना सांगत असतो. माझ्या बोलण्यातला चौथा हिस्सा खरा धरावा, असं माझी बायकोच सगळ्यांना सांगते. पण पुढे जे लिहितोय ते पूर्ण खरं आहे, कारण ते आठवलं की अजून माझे तळहात ओले होतात. तो रविवार होता. गुरुवारी सकाळी शटर वर करताना मेस्त्री तिथेच खाली बसले, ते उठलेच नाहीत... त्याला आता दोन महिने होतील.

मी औषधं विकायचो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, पार शहापूरपर्यंतचे डॉक्टर गाठायचे, म्हणून गाडी. ती तीन लाख दहा हजार किलोमीटर धावली, चंद्र थोडक्यात राहिला. एवढ्या धावलेल्या इंजिनात सगळ्यात आधी काय दगा देतं, हे मला मेस्त्रींनी शिकवलं. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते कॅम. माझ्या गाडीत आठ. ते व्हॉल्व्ह दाबतात आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटा झिजला की श्वास अपुरा. “सपाट रस्त्यावर तुला कळणार पण नाही रे पाटकर,” मेस्त्री म्हणायचे, “घाटात कळेल. मागे भरलेला ट्रक असेल ना, तेव्हा.”

झीज मोजायला मायक्रोमीटर असतो. मेस्त्रींच्या सुवर्णाने डिप्लोमा करून ठाण्यात नोकरी धरली आणि पहिल्याच पगारात बापासाठी मायक्रोमीटर आणला. मेस्त्रींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि डबीसकट गणपतीच्या फोटोमागे ठेवून दिला. त्यांचं माप म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख. कव्हर उघडायचं, पान्याने दांडा फिरवायचा, एकेक कॅम फडक्याने पुसायचा आणि त्यावरून नख ओढायचं. नख अडलं की ‘गेली’. नाही अडलं की ‘चालेल’. बस्स. एकदा टेंभी नाक्यावरचा एक गाडीवाला म्हणाला, “मेस्त्री, नखाने काय कळतं?” मेस्त्रींनी त्याचा हात धरला, अंगठा कॅमवर फिरवला आणि विचारलं, “लागलं?” तो म्हणाला, “नाही.” “मग गाडी विक आणि रिक्षाने फिर.” एकवीस वर्षांत त्या नखाचा शब्द खोटा ठरलेला मी पाहिला नाही. इथे मी चौथा हिस्सा वगैरे काही म्हणत नाहीये.

त्या रविवारी गाडी दाखवायला नेली, कारण पुढच्या रविवारी नाशिकहून लेकीला बाळंतपणासाठी आणायचं होतं. सातवा महिना, पहिलटकरीण, आणि वाटेत कसारा घाट. मेस्त्रींनी कव्हर उघडलं. पहिला कॅम, दुसरा कॅम... तिसऱ्यावर नख थांबलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. मग माझ्यावरच खेकसले, “उजेडात काय उभा राहतोस, तुझं ढेरपोट बाजूला घे!” मी ढेरपोट घेतलं. तरी ते चौथ्याकडे जाईनात. आणि मग एकवीस वर्षांत कधी झालं नाही ते झालं. दांड्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, “पाटकर, तू फिरव रे जरा नख.”

मला वाटलं, मला मान मिळाला! छाती फुगवून अंगठा फिरवला आणि डोळे मिटून, अगदी त्यांच्यासारखंच तोंड करून म्हणालो, “लोणी आहे मेस्त्री! लोणी!”

मेस्त्रींनी फडक्याला अंगठा पुसला. “ठेव गाडी. ऑइल बदलतो. मंगळवारी ने.” मंगळवारी गेलो, तर एकच शब्द, “चालेल.” गाडी घेतली आणि शीळ वाजवत डोंबिवलीला घरी आलो. ते आमचं शेवटचं बोलणं.

शुक्रवारी मेस्त्रींच्या घरी भेटायला गेलो. मालतीवहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. रडून झालं होतं, आता बोलायचं होतं त्यांना. म्हणाल्या, “शुगरने बोटं पार बधिर झालेली हो. वर्ष झालं. चहाचा कप गरम आहे हे हाताला कळायचं नाही, ओठ भाजले की कळायचं. कोणाला सांगू देत नव्हते... गिऱ्हाईक जाईल म्हणून नाही, लाज वाटायची.”

मी मांडीवरच्या माझ्या हातांकडे बघितलं. आणि वाचकहो, त्या क्षणी मला जे कळलं ते मी कोणत्याच गोष्टीत मोठं करून सांगू शकत नाही, कारण त्याहून मोठं मला काही सुचतच नाही. लहानपणापासून मी नखं खातो. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून बसून तर पार मुळापर्यंत. माझ्या अंगठ्याला नखच नाही! नुसतं मांस. मी त्या कॅमवर काय फिरवलं होतं? आणि कसलं लोणी सांगितलं होतं? त्या माणसाच्या बोटांनी साथ सोडली, त्याने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा अंगठा मागितला... आणि मी त्याला थाप मारली.

घरी जेवण उतरेना. डोळ्यांसमोर घाटाचं वळण, शेजारी पोटावर हात ठेवून बसलेली लेक, गाडीची धाप आणि आरशात ट्रकचा जबडा. बायको म्हणाली, “भाड्याची करा ना मग.” केली असती. भाड्याच्या गाडीने लेक सुखरूप आली असती, पण मेस्त्रींचा शेवटचा ‘चालेल’ खोटा होता का, आणि तो माझ्यामुळे खोटा झाला का, हे मला जन्मभर कळलं नसतं. आणि खरं सांगू? ते कळण्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शनिवारी गाडी घेऊन ठाकुर्लीला गेलो. पाच मिनिटांचा रस्ता, तीनदा थांबलो. इंजिन जरा टिकटिकलं की माझं काळीज टिकटिकायचं. लोकांच्या अडकलेल्या गाड्या परत द्यायला सुवर्णाने गॅरेज उघडलं होतं. मेस्त्रींचं फडकं खिळ्याला तसंच होतं, उजव्या अंगठ्याच्या जागी काळं कुळकुळीत. अजूनही तिथेच आहे. कोणी धुतलेलं नाही. त्या फडक्याकडे बघत मी सगळं ओकून टाकलं... लोणी, नखं, थाप, सगळं. म्हटलं, “सुवर्णा, तिसरा कॅम बघ गं बाई. खोलतेस का आत्ता?”

ती ऐकत होती, हात पुसत होती. मेस्त्रींसारखी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. गणपतीच्या फोटोमागे डबी नव्हती. ती बाकावर होती, उघडी.

“मोजलाय काका. सोमवारी. बाबांनी मला रजा टाकायला लावून बोलावलेलं. झिजलाय थोडा, पण मापात आहे. घाट चढेल.”

मी बाकावर बसलो. विचारलं, “पण त्यांनी तर कधी त्या मायक्रोमीटरला हात लावू दिला नव्हता. मग त्या दिवशीच का बोलावलं तुला? काय म्हणाले?”

“म्हणाले, पाटकरला नखं नाहीत. तू ये.”