रिझाइन आणि रिटायर

ठाण्याला कोर्टाच्या भिंतीला लागून सीताराम तेरवणकर टाइपरायटर घेऊन बसतात, त्याला बत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत धड इंग्रजी लिहिणारं माणूस आपल्यासमोर एकदाही आलं नाही, असं त्यांचं ठाम मत. वकिलांचं इंग्रजी भिकार, इंग्लिश मीडियमच्या पोरांचं त्याहून भिकार. तरी समोर येईल ते अक्षरन् अक्षर तसंच टाइप करायचं, कुणाची चूक म्हणून दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. चुका मनात जपायच्या आणि संध्याकाळी लोकलने कोपरला घरी जाऊन बायकोला ऐकवायच्या.

गेल्या जूनमध्ये जाईबाई आली. अनुदानित शाळेत सव्वीस वर्षं शिपाई. गुडघे गेले म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेत होती. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने, शिवानीने, वहीच्या पानावर अर्ज लिहून दिला होता. सीतारामांनी वाचला: ‘आय विश टू रिझाइन.’ त्यांना आतून उकळ्या फुटल्या. रिटायर होणं म्हणजे केलेली नोकरी पदरात घेऊन, पेन्शनीसकट घरी जाणं. रिझाइन म्हणजे राजीनामा, सगळ्या नोकरीवर आपल्याच हाताने पाणी सोडणं. एवढंही या कार्टीला कळू नये!

“काका, पेन्शन मिळेल ना यावर?” जाईबाईने विचारलं.

“मी टाइप करतो बाई, पेन्शन देत नाही,” असं म्हणून त्यांनी ‘रिझाइन’ खटाखट उमटवलं. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही. हिलाही अक्कल नाही, असं ठरवून त्यांनी चहा मागितला.

दोन महिन्यांनी जाईबाई पुन्हा आली. राजीनामा मंजूर झाला होता. मागची नोकरी बुडाली, पेन्शन गेली. ही आता तमाशा करणार म्हणून सीताराम सावरून बसले. पण ती गुडघा धरून नुसती उभी राहिली.

“शिवानी रडून रडून अर्धी झालीय. काका, एक विचारू? हे दोन वेगळं असतं, ते तुम्हाला तेव्हा कळलेलं का हो?”

शेजारचे टायपिस्ट हात थांबवून बघायला लागले. हो म्हणावं तर उद्यापासून इथे तोंड दाखवायची सोय नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या इंग्रजीवर थुंकलेला हा माणूस खाली बघत पुटपुटला, “नाही हो. मलाही फरक माहीत नव्हता.”

जाईबाईने लगेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे काका, वाईट नका वाटून घेऊ. तुम्हाला तरी एवढं इंग्रजी कुठनं येणार?”