भासऱ्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा

"ऐक वं नीट," असं म्हणत माझा नवरा चुलीपुढे उशी घेऊन बसला आणि त्यानं उशीची मान काखेत दाबली. इकडे माझा भात उतू जात होता. माणसाला बायकोशी बोलायला दुसरा विषय नसावा, याचं मला लग्नानंतरच्या त्या पहिल्या वर्षात फार वाईट वाटायचं.

गोंदिया आमच्या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला होता, त्यानंतरची ही गोष्ट. लाखनीच्या पानठेल्यांवर टीव्ही आले होते आणि त्यावर परदेशी पहिलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या हाणत. माझा नवरा राइस मिलमध्ये पोती उचलायचा. सायकलवर घरी येताना तो तिथं हटकून थांबायचा आणि आल्यावर मला शिकवायला बसायचा. पिंजऱ्याची कुस्ती म्हणजे चारी बाजूंनी जाळी, जो आधी बाहेर निघेल तो जिंकला. शिडीच्या कुस्तीत वर पट्टा टांगलेला, जो चढून काढेल त्याचा. एक तर म्हणे पेटीची. समोरच्याला मयताच्या पेटीत घालायचं आणि झाकण लावायचं.

"हा काय खेळ झाला का बाप्पा?" मी म्हणायची. "एखादा मरन ना!"

"नाई मरत वं. सगळं ठरलेलं असते. कोन पडन, कवा पडन, आंधीच ठरते. लागत नाई कोनालेच."

लागत नाही म्हणे! या माणसाला लागलेलं दुसऱ्याला कळतच नाही, हीच तर माझी भीती होती. मिलमध्ये पोतं अंगावर येऊन त्याचा खांदा उतरला, तेव्हा हा घरी येऊन गुमान खाटेवर बसला. तोंडातून चकार शब्द नाही. फक्त डाव्या पायाची बोटं आत वळली होती, मूठ आवळावी तशी. हाड बसवणाऱ्यानं हात ओढला तेव्हाही तोंड बंद आणि बोटं आवळलेली. तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडे पाहतच नाही. पायाकडे पाहते.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडई भरते, एकेका गावाची एकेका दिवशी. दिवसभर दुकानं, पाळणे, दंडारीची नाचगाणी, आणि घरोघरी पाव्हणे. लेकीच्या गावची मंडई असली की माहेरची माणसं येणारच. लग्नंसुद्धा तिथंच जुळतात. त्यामुळे मंडईत कोणाची फजिती झाली, तर ती सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पुढच्या मंडईपर्यंत पुरते.

त्या वर्षी आमच्या गावच्या मंडळानं टीव्हीसारखी कुस्ती दाखवणारी फिरती मंडळी बोलावली. त्यांचा मॅनेजर म्हणाला, गावचा एक गडी द्या, म्हणजे गर्दी होते. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं, आणि हा तर टपूनच बसला होता. आ बैल मुझे मार!

उशी घेऊन बसला तो त्याच संध्याकाळी. तीन कुस्त्या होणार होत्या. पहिली साधी, दोन्ही खांदे टेकले आणि पंचानं तीनदा हात आपटला की संपली. दुसरी जोडीची. एक गडी आत लढतो, त्याचा जोडीदार बाहेर दोरी धरून उभा राहतो, आणि हाताला हात लावल्याशिवाय त्यानं आत यायचं नाही. तिसरीचं नाव हार-मान कुस्ती. तिच्यात खांदे टेकले तरी चालूच, दोरी धरली तरी सुटका नाही. पंच माईक तोंडाशी नेऊन विचारणार, हरला का? गडी माईकवर 'हरलो' म्हणेल तेव्हाच सोडायचं. नाही तर त्याच्या बाजूच्या माणसानं आत टॉवेल फेकायचा.

"थे तिसरी तुमची नोहे ना?" मी विचारलं.

"नाई वं. माही जोडीची. दोन घडी दोरी धरून उभा रायतो, एकदा पडतो, झालं."

तरी मंडईच्या दिवशी वडे तळताना माझ्या हातून वडा दोनदा कढईबाहेर पडला. जाऊ म्हणाली, "काहून वं, ताप आला का?" मी म्हटलं, "नाई, तेल उडून राहिलं."

आता भासऱ्यांचं सांगायला पाहिजे. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. सासरे लवकर गेले, त्यामुळे माझ्या नवऱ्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. लहान सुनेनं भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, चुकूनही शिवायचं नाही. पाण्याचा गडवा द्यायचा तरी खाली ठेवायचा आणि मागं सरायचं. चुकून हात लागलाच, तर दोघांनीही अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. वर्षभरात मी त्यांचे पाय तेवढे पाहिले होते, तोंड नाही.

दुपारी शाळेच्या मैदानात रिंगण उभं राहिलं. खाली लाकडी फळ्या, वर गाद्या, चारी बाजूंनी दोऱ्या. एका अंगाला बायांसाठी धानाचं तणस पसरलं होतं, समोर माणसं. पहिल्या रांगेत शाळेच्या खुर्च्यांवर पाव्हणे. माझे बाबा आणि माझे दोन भाऊ कडक इस्त्री करून बसले होते, जावयाची कुस्ती पाहायला.

पहिली झाली, जोडीची झाली. नवरा पडला, उठला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी देवाला हात जोडले, म्हटलं सुटलो एकदाचे. तेवढ्यात त्यांचा सगळ्यात मोठा गडी आत आला, बैलाएवढी मान त्याची. मॅनेजर माईकवर ओरडला, "है कोई मर्द इस गाँव में?" आणि सगळं मैदान माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन ओरडायला लागलं.

आधीच ठरलं होतं त्यांचं. जोडीची झाल्यावर मॅनेजरनं त्याच्या कानात सांगितलं होतं, थोडा तडफड, मग 'हरलो' म्हण, खेळ खतम. आणि यानं टॉवेलऐवजी आपला पांढरा दुपट्टा भासऱ्यांच्या खांद्यावर टाकून बजावलं होतं, "दादा, मी हात वर केला तरच फेकजो. नाई तर फेकू नोको." हे सगळं मला मागून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तो खाली येता येता पुन्हा वर चढला.

थोडा वेळ नुसती आदळआपट झाली. मग त्या मोठ्या गड्यानं त्याला पालथं पाडलं, पाठीवर बसला आणि मागून गळ्यात हात घालून मान वर ओढली. नवऱ्याचे दोन्ही हात त्याच्याच छातीखाली दबले. पंचानं माईक तोंडाशी नेला. "हरला का?"

कडुलिंबावरच्या भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला. खरखर, खरखर. लोकांना मजा वाटली. ज्यांना हसू आलं ते हसले.

"हरला का?"

पुन्हा तीच खरखर, जास्त मोठी. मी त्याच्या तोंडाचा रोख पाहिला. तोंड सरळ समोर होतं, आणि समोर खुर्चीवर माझे बाबा बसले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा म्हणणार नाही. ठरलेलं असो की नसो, सासऱ्याच्या तोंडावर, साळ्यांच्या तोंडावर, भर मंडईत, भोंग्यावरून हा माणूस 'हरलो' म्हणणार नाही. जीव गेला तरी नाही म्हणणार.

त्या मोठ्या गड्यालाही काही समजेना. त्याला वाटत असावं, गावचा गडी झकास नाटक करतोय. तो वाकून हळूच काही बोलला आणि माईकनं ते उचललं. भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकलं, "बोल ना भाई, बोल."

काय हसलं ते मैदान! बाया तणसावर लोळायच्या बाकी राहिल्या. आणि मी पायाकडे पाहिलं. डाव्या पायाची बोटं आत वळली होती, पार पांढरी पडेपर्यंत.

मी उठले. "कुठं चालली वं?" जावेनं पदर ओढला. मी समोर भासऱ्यांकडे पाहिलं. ते दोरीशी उभे होते, दुपट्टा खांद्यावरून खाली ओढून मुठीत धरलेला, डोळे भावाच्या हाताची वाट पाहत. अहो, तो हात वर करणार कुठून? हात तर अंगाखाली!

पुन्हा पायाकडे पाहिलं तर बोटं सुटली होती. वळलेली बोटं सैल होऊन बाजूला पडली होती. त्यासारखी भीती मला आधीही कधी वाटली नाही आणि नंतरही नाही. माझी दोन बाळंतपणं झाली, अडलेली, पण नाही.

कशी गेले ते सांगता येत नाही. माणसांच्या रांगेतून, बाबांच्या खुर्चीपुढून गेले. पदर कुठं गेला होता कोणास ठाऊक. भासऱ्यांच्या जवळ उभी राहून म्हटलं, "फेका जी." त्यांना ऐकूच गेलं नाही. मी दुपट्टा धरला, ते सोडेनात. त्यांची मूठ माझ्या हाताखाली आली. गार होती आणि घामानं भिजलेली.

"सोडा!" मी किंचाळले. "मरून राहिला थो!"

मूठ सुटली. मी दुपट्टा भिरकावला. पण कापडच ते, जाईल किती? वरच्या दोरीवर अडकला आणि तिथंच लटकला. पंचाची पाठ आमच्याकडे, मोठ्या गड्याची मान खाली, रिंगण माझ्या छातीएवढं उंच. मी ओरडत होते आणि माझं ओरडणं लोकांच्या हसण्यात मिसळत होतं. तेवढ्यात भासऱ्यांना जाग आल्यासारखं झालं. ते वेंघून वर चढले, दोरीवरचा दुपट्टा ओढला आणि तो पंचाच्या तोंडावर असा हाणला की पंचच बसला खाली.

मोठ्या गड्यानं लगेच हात काढला. नवरा तसाच पालथा राहिला. तेव्हा कुठं मैदान गप झालं.

लाखनीच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये भासऱ्यांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं आणि मी पाय धरले. श्वास चालू होता, डोळे मिटलेले. मी त्याच्या डाव्या पायाची बोटं दाबत होते, चिमटे काढत होते, मनात त्याला शिव्या देत होते. मेल्या, सगळं ठरलेलं असते का रे? लागत नाई का रे कोनाले? लाखनीच्या हायवेवरचे ट्रक दिसायला लागले तेव्हा माझ्या तळव्यात करंगळी हलली, मग सगळी बोटं हळूहळू आत वळली. मी भासऱ्यांसमोर मोठ्यानं रडले. तेही रडत होते.

घरी आल्यावर जावेनं रीतीप्रमाणे दोन बादल्या पाणी काढलं, शिवाशिव झाली होती ना. भासरे म्हणाले, "ढोरायले पाज थे पानी." आणि आत गेले.

नवऱ्याच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा लावला. पट्टा होता तोवर तो माझ्याशी बोलला नाही. बायकोनं हरवला, असं गावात म्हणत होते, ते त्याला फार झोंबलं. शेवटी एकदा म्हणाला, "सासऱ्यासमोर इज्जत घालवली तू माही." मी म्हटलं, "इज्जत रायली असती, तुमी नसते रायले." बाबा भेटायला आले तेव्हा त्यांनी त्याला सरळ विचारलं, "जावईबापू, मी का तुमाले पैलवान पाहून पोरगी देली होती?" तेव्हा कुठं तो थोडा हसला, आणि हसताना मान दुखली म्हणून थांबला.

ती मान अजूनही डावीकडे वळत नाही. डावीकडून हाक मारली तर तो अख्खा वळतो. परवा आमच्या घरच्या टीव्हीवर कुस्ती लागली होती. नवरा खाटेवर बसून आमच्या लेकीला नियम समजावत होता. पिंजरा, शिडी, पेटी, सगळं तेच. भासरे भिंतीशी बसले होते. मी आत तांदूळ निवडत होते, दारातून सगळे दिसत होते.

"सगळं ठरलेलं असते बेटा," तो म्हणाला. "लागत नाई कोनालेच."

"मंग टॉवेल कोन फेकते?" लेकीनं विचारलं.

भासरे माझ्याशी आजही बोलत नाहीत, रीत ती रीत. ते भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ज्याले मानूस पायजे असते, थो फेकते."

नवऱ्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. मी आपली सवयीनं त्याच्या पायाकडे पाहिलं. डाव्या पायाची बोटं आत वळली होती.