जिवंत आहेत, पण पत्र नको

फ्रीगंजमधल्या त्या दुकानात मी कामाला लागले तेव्हा बाबांनी मुदत घातली होती, दिवाळीपर्यंतची. तोवर नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर देवासच्या स्थळाला होकार कळवायचा. स्थळ मी पाहिलं होतं. ते चहा बशीत ओतून फुंकर मारत होतं आणि मला स्वयंपाक येतो का, हे माझ्यासमोर आईला विचारत होतं. तेव्हा नोकरी मला कशासाठी हवी होती, हे वेगळं सांगायला नको.

दुकान मूळचं रेडिओचं. पण आता बाजार खुला झाला होता आणि दर महिन्याला नव्या कंपनीचं वॉशिंग मशीन काचेत येऊन उभं राहत होतं. एकदा पायरी चढलेलं गिऱ्हाईक हातचं जाता कामा नये, हा सेठजींचा बाणा. साधी इस्त्री घेणाऱ्याचंही नाव, पत्ता, वय, एवढंच काय, मुलीच्या लग्नाचा महिनासुद्धा जाड रजिस्टरात चढायचा. मग राखी, दसरा, दिवाळीला सगळ्यांना पोस्टकार्ड. ती लिहिणं माझं काम.

"घाट के पंडों की बही से कभी किसी का नाम कटता है क्या?" सेठजी विचारायचे. पिढ्यान्पिढ्या यजमानांची नावं सांभाळणाऱ्या त्या वहीसारखंच आमच्या रजिस्टरातूनही नाव कटत नसे. फक्त गिऱ्हाईक वारलं की म्हातारे मुनीमजी नावावर लाल रेघ मारत आणि घरच्यांना शोकसंदेश धाडत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एक दिवस माधव नगरातले एक निवृत्त हेडमास्तर आले. वर्षापूर्वी त्यांनी आमच्याकडून मिक्सर नेला होता.

"अगं, तुमची कार्डं बंद कर बाई," ते म्हणाले. "आमची ही प्रत्येक कार्ड दोनदा वाचते आणि मग आठ दिवस घरात वॉशिंग मशीनशिवाय दुसरा विषय नसतो. माझं नाव काढून टाक."

हेडमास्तरांचा शब्द. मी लाल पेन घेतलं आणि चक्क पट्टी लावून सरळ रेघ मारली.

शनिवारी मुनीमजींनी ती पाहिली. चष्मा काढून डोळे पुसले. मिक्सरची गॅरंटी बायकोच्या नावावर होती, म्हणून कार्डही तिलाच लिहिलं: "आपके पूज्य पतिदेव के स्वर्गवास का समाचार पाकर हमें गहरा दुःख हुआ।" मग हाताच्या सवयीने खाली त्या महिन्याचा रबरी शिक्का मारला, "पुराना लाइए, नया ले जाइए", आणि कार्ड पेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर दुकानात हजर. मुनीमजींच्या हातातला चहा हातातच राहिला. सरांनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सेठजी, मेरी तेरहवीं में बूंदी रखनी है या श्रीखंड?"

सेठजींनी कार्ड वाचलं, रजिस्टर उघडलं आणि रेघेवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मला रडू येत होतं आणि हसूही. मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

सर मात्र चिडलेले नव्हते. त्यांना बऱ्याच दिवसांनी वर्ग मिळाला होता. "नाव पुसून काय होणार?" ते मला म्हणाले. "उद्या मी इस्त्री घ्यायला आलो की पुन्हा चढवशील आणि पुन्हा कार्डं सुरू. वेगळं पान कर. त्यावर नाव-पत्ता लिही आणि पुढे लिही, जिवंत आहेत, पण पत्र नको. कार्ड लिहायला बसण्याआधी ते पान बघायचं. आणि माझं वय, मुलीचं लग्न, हे कशाला ठेवलंय? ते खोड."

मी खोडलं. ते गेल्यावर सेठजी एवढंच म्हणाले, "अब उस घर में एक भी कार्ड गया, तो तुम्हारी छुट्टी।"

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस एक ठेंगण्या बाई कापडी पिशवी सांभाळत माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"मी ती विधवा," त्या म्हणाल्या. "कार्ड यायचं बंद झालंय."

मी ते पान दाखवलं.

"हे ह्यांचं झालं. ह्यांना नको. मला हवंय." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली. आमच्याकडे पत्रं येतात ती ह्यांच्या नावानं. माझ्या नावानं आलेलं पहिलं पत्र म्हणजे ह्यांच्या मरणाचं. जपून ठेवलंय मी ते. पण तेवढं एकच असावं, हे काही बरं दिसत नाही."

घर तेच, दार तेच, आणि सेठजींची ताकीद घरासाठी होती. देवासची बशी माझ्या डोळ्यांसमोर आली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी काकूंचं नाव मी रजिस्टरात नव्या ओळीवर चढवलं आणि दिवाळीचं कार्ड माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं.

धनतेरसला दोघंही आले. कार्ड सरांच्या हातात होतं. सेठजींनी ते लांबूनच ओळखलं.

"मैंने क्या कहा था?" ते माझ्यावर गरजले.

"ये चिट्ठी मेरी नहीं है, सेठजी," सर म्हणाले. "दूसरों की चिट्ठी मैं पढ़ता नहीं। इनकी है, इन्हें लेकर आया हूँ।"

काकूंनी काचेतल्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवलं. मुनीमजींनी त्याचं बिल फाडायला घेतलं आणि सवयीने सरांकडे पाहून विचारलं, "नाम?" सरांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी स्वतःचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं.

दुकान बंद करताना सेठजी पुटपुटले, "दिवाली के बाद टाइम पर आना।"

घरी बाबा देवासला नकार कळवायचं कार्ड घेऊन बसले. मी म्हटलं, "द्या इकडे, कार्डं लिहिणं माझं काम आहे." चार ओळी लिहिल्या आणि खाली माझं नाव घातलं.